मुखेडला हवं अमूर्ताचं भाषांतर केंद्र

मराठवाड्याचा अनुशेष मोजायला आजवर बरेच लोक येऊन गेले. वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये सिंचन मोजलं, रस्ते मोजले, शाळा-दवाखाने मोजले आणि मागासलेपणाचा आकडा रुपयांत काढून दाखवला. पुढेही समित्या आल्या, मंडळं आली, पॅकेजं आली. पण अमूर्त चित्रकारांच्या फ्रेंच निवेदनांचं इंग्रजी भाषांतर या क्षेत्राकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. या क्षेत्रात मुखेड तालुका शंभर टक्के मागे आहे, आणि मनावर घेतलं तर सगळ्या महाराष्ट्राच्या पुढे जाईल, असं माझं ठाम मत आहे. बोधन-मुखेड-लातूर रोड रेल्वे मागता मागता आमची माणसं म्हातारी झाली. या कामाला रूळ लागत नाहीत. पाणी लागत नाही, ही तर आमच्या भागात मोठीच सोय. एक टेबल, एक शब्दकोश आणि न समजलेल्या मजकुराकडे आदराने बघायची सवय, एवढं भांडवल पुरतं. पैकी सवय आमच्याकडे वडिलोपार्जित आहे.

हा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या एका गॅलरीत, समजा, तीन कॅनव्हास टांगलेत. तिन्ही करडे. एकात करडा जरा जास्त. शेजारी भिंतीवर एक कागद. चित्र बघून व्हायला अर्धं मिनिट लागतं आणि कागद वाचायला दहा, म्हणजे प्रदर्शनाचा खरा ऐवज कुठे आहे ते उघड आहे. हा कागद फ्रेंचमध्ये असतो. चित्र घेणारा मात्र लंडनचा, न्यूयॉर्कचा, दुबईचा, नाहीतर आपल्याच मलबार हिलचा. करडा रंग त्याला कुठल्याही भाषेत दिसतो, पण त्याची किंमत कळायला इंग्रजी लागतं. म्हणून भाषांतरकार.

कागदावर साधारण असं असतं (नमुना माझा स्वतःचा आहे, कोणा कलावंताने अंगाला लावून घेऊ नये): ‘माझं काम अनुपस्थितीच्या खुणेला प्रश्न विचारतं. दृश्य आणि अदृश्य यांच्या मधल्या जागेत पृष्ठभाग स्वतःच्याच सीमेची चौकशी करतो, आणि हाताची हालचाल ही आपल्याच पुसलं जाण्याचं ठिकाण होते.’

हे वाचून आमच्याकडचा एखादा साधा माणूस लगेच म्हणेल, ‘म्हंजी काय, सर?’ या व्यवसायाला इतका मारक प्रश्न दुसरा नाही. भाषांतरकाराला मजकूर समजला, की तो त्यातला एक अर्थ धरतो आणि बाकीचे सोडून देतो. ज्याला काहीच समजत नाही तो सगळे अर्थ जसेच्या तसे पलीकडे नेऊन पोचवतो. म्हणजे न समजणं हीच इथे मुळाबरहुकूम राहण्याची खात्री आहे. कायद्याच्या किंवा औषधाच्या भाषांतरात ही सोय नाही. तिथे ‘जेवणाआधी’चं ‘जेवणानंतर’ झालं तर कुणीतरी आजारी पडतं. ‘अनुपस्थितीच्या खुणे’चं ‘खुणेची अनुपस्थिती’ झाली तर कोणीही आजारी पडत नाही, उलट गॅलरीवाला म्हणतो, मुळापेक्षा सरस उतरलंय.

फ्रेंच भाषेलाही एक देणगी आहे. कुठल्याही विशेषणाच्या आधी छोटासा ‘ल’ लावला की त्याचं नाम होतं, आणि नाम झालं की ते तत्त्वज्ञान होतं. रिकामी जागा असते तोवर तिथे झाडू मारता येतो, पण ‘ल व्हीद’ झालं की तिथे नुसतं उभं राहून गंभीर व्हायचं. इंग्रजी ही मुळात व्यापाऱ्यांची भाषा. तिला असली नामं पचत नव्हती. भाषांतरकारांनी ती तिला हळूहळू, पण चिकाटीने भरवली. या कष्टाची नोंद २०१२ मध्ये अॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन या दोघांनी ‘ट्रिपल कॅनोपी’ या अमेरिकी नियतकालिकात केली. ‘ई-फ्लक्स’वरून जगभर जाणारी गॅलऱ्यांची पत्रकं त्यांनी जमवली, संगणकातून चाळली, आणि त्यांतल्या भाषेला ‘आंतरराष्ट्रीय कला-इंग्रजी’ असं नाव दिलं. त्यांचा तर्क असा, की या भाषेचं बी १९७६ मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या ‘ऑक्टोबर’ या नियतकालिकासारख्या ठिकाणी पडलं. फ्रेंच विचारवंतांची भाषांतरं तिथे होत होती. त्या भाषांतरांतली अवघडलेली वाक्यं पुढच्यांना इतकी आवडली, की जन्माने इंग्रज आणि अमेरिकन असलेले लोकही आपलं मूळ इंग्रजी फ्रेंचमधून ओढूनताणून आणल्यासारखं लिहू लागले. भाषांतरकाराचा याहून मोठा सन्मान जगात झालेला नाही. आमच्याकडे मूळ लेखक भाषांतरकाराचं नाव मुखपृष्ठावर घालायला कुरकुरतो. तिथे मूळ लेखकच भाषांतर असल्याचं सोंग घेतो.

रूल आणि लेव्हिन या दोघांना हिटो श्टायर्ल या जर्मन कलावंत बाईंनी पुढच्याच वर्षी लेखी उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, ज्या इंग्रजीला तुम्ही हसता ती लिहिणारे बहुतेक जण गॅलऱ्यांतले कमी पगारावर नाहीतर बिनपगारी राबणारे उमेदवार असतात. ‘बिनपगारी’ वाचलं आणि मला या केंद्राची निकड पटली. मराठवाड्यात विनाअनुदानित शाळांवर वर्षानुवर्षं पगाराशिवाय शिकवणारी माणसं आहेत. अनुदानाची वाट बघताना शासनाची जेवढी पत्रं त्यांनी वाचलीत, तेवढ्यावर त्यांची या शास्त्रातली पदवी केव्हाच पुरी झाली असेल. जागतिक कला-बाजाराला लागणारं मनुष्यबळ इथे तयार बसलं आहे. फक्त हाक मारायची आहे.

उमेदवार निवडताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं लागेल. ‘देमार्श’ हा फ्रेंच कलावंताचा लाडका शब्द. मूळ अर्थ चाल, चालण्याची ढब, आणि त्यावरून कामाला भिडण्याची रीत. इंग्रजीत त्याचं सहसा ‘प्रॅक्टिस’ होतं, म्हणजे आपल्याकडे जे वकील, डॉक्टर आणि तबलजी करतात ते. मार्गशीर्षात लोह्याजवळ माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे उतरतात. तिथला व्यापारी घोडं चार पावलं चालवून बघतो, मान हलवतो आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतो. ‘देमार्श’ त्याला तिथल्या तिथे कळेल, आणि नेमकं याच कारणासाठी त्याला केंद्रात घेता येणार नाही. तो लगेच विचारील, ‘जनावर कुठाय?’

निवेदनाचं महत्त्व ज्यांना अजून पटत नाही त्यांनी बोरोनालीचं चरित्र अभ्यासावं. १९१० मध्ये पॅरिसच्या स्वतंत्र कलावंतांच्या वार्षिक प्रदर्शनात जे. आर. बोरोनाली या नवख्या चित्रकाराचं ‘आणि सूर्य एड्रियाटिकवर झोपी गेला’ असं एक चित्र लागलं. सोबत त्याच्या ‘अतिरेकवाद’ या पंथाचा जाहीरनामाही निघाला. लोकांनी चित्र पाहिलं, त्याची चर्चा केली. मग रोलाँ दॉर्जलेस या तरुण लेखकाने सांगितलं, की चित्र माँमार्त्रच्या ‘लापाँ आजिल’ या गुत्त्याच्या चालकाच्या गाढवाने काढलंय. गाढवाचं नाव लोलो. शेपटीला ब्रश बांधला होता आणि मागे कॅनव्हास धरला होता. कुणी हरकत घेऊ नये म्हणून कोर्टाचा बेलिफ समोर बसवून रीतसर पंचनामाही करून घेतला होता. बोरोनाली हे नावही ‘अलिबोराँ’ या, फ्रेंचमध्ये गाढवाला चिकटलेल्या नावाची अक्षरं फिरवून केलेलं. ते चित्र आजही फ्रान्समधल्या एका संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

या प्रकरणातून समीक्षक मूर्ख ठरले, असं लोक शंभराहून जास्त वर्षं सांगत आले. मला ते अन्यायाचं वाटतं. गाढवाने रंग लावला, हे खरंय. पण जाहीरनामा काही गाढवाला लिहिता आला नाही. त्याला दॉर्जलेससारखा शिकलेला, फ्रेंचवर हुकमत असलेला माणूस लागला. चित्र कुणीही काढील, निवेदनाला मात्र तयारी लागते, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्याही प्रयोगाने सिद्ध झालेलं नाही. शिवाय लोलोची वागणूक कलावंताला शोभेशी होती. त्याने आपल्या चित्राबद्दल एकही मुलाखत दिली नाही, आणि गौप्यस्फोटानंतरही त्याने चित्र मागे घेतलं नाही.

त्याही आधी, १८८३ मध्ये, आल्फाँस आले या विनोदी लेखकाने पॅरिसच्या एका प्रदर्शनात कोरा पांढरा कागद टांगला. खाली शीर्षक होतं: बर्फ पडत असताना पंडुरोगी मुलींचा पहिला कम्युनियन-विधी. पुढच्या वर्षी तांबडं कापड आणलं: तांबड्या समुद्राच्या काठी टोमॅटो तोडणारे, रक्तदाब चढलेले कार्डिनल. हे आमच्या धंद्याचे आद्यपुरुष. चित्रातलं सगळं काढून टाकलं तरी शीर्षक भाषांतराला उरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. पण ते हसत होते, एवढी एक खोट राहिली. हसल्याने दर पडतात. ती खोट पुढे ईव्ह क्लाइनने भरून काढली.

क्लाइनने एप्रिल १९५८ मध्ये पॅरिसच्या इरिस क्लेर गॅलरीतलं सामान बाहेर काढलं, भिंतींना पांढरा रंग दिला आणि आत काहीच न मांडता प्रदर्शनाचं उद्घाटन केलं. पाहुण्यांना निळं कॉकटेल होतं. गर्दी इतकी झाली की पोलीस आले. पुढे त्याने या रिकामेपणाचे तुकडे विकायला काढले. नाव ‘अमूर्त चित्रसंवेदनेचे क्षेत्र’, मोबदला शुद्ध सोन्यात. घेणाऱ्याला छापील पावती मिळायची. रिकामेपण खऱ्या अर्थाने आपलं व्हावं असं वाटत असेल तर त्याने ती पावती जाळायची आणि क्लाइनने साक्षीदारांसमोर अर्धं सोनं सीन नदीत टाकायचं. काहींनी खरोखर जाळल्या. ज्याने जाळली नाही अशा एकाची पावती २०२२ मध्ये पॅरिसच्या लिलावात दहा लाख युरोंच्या वर गेली. मोंढ्यात हळद घातली की पावती सांभाळून ठेव म्हणून आमच्याकडे बाप पोराला दहादा बजावतो. त्याचं कारण मला इतक्या वर्षांनी पॅरिसने समजावून दिलं.

यावर मुखेडचे काही लिंगायत बांधव म्हणतील, यात नवल काय? आणि त्यांचं म्हणणं तसं खोडता येत नाही. इथून फार लांब नसलेल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात अल्लमप्रभू शून्याविषयी बोलत होते. पंधराव्या शतकात त्या सगळ्या संवादांचा ‘शून्यसंपादने’ नावाचा कन्नड ग्रंथही तयार झाला. शून्यात आठशे वर्षांची आघाडी असून आम्ही मागे राहिलो, कारण तिथल्या शरणांच्या सभेत, अनुभवमंटपात, कुणी पावतीपुस्तक छापून ठेवलं नाही. अल्लमप्रभूंना बहुधा वाटलं असावं की शून्य विकायचं नसतं. मोठ्या माणसांच्या अशा चुका पुढच्या पिढ्यांना महागात पडतात.

केळ्याचंही तेच. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरचं केळं प्रसिद्ध. शेतकरी घड तोडतो, ट्रकमध्ये भरतो आणि व्यापारी सांगेल त्या भावात देऊन घरी येतो. सोबत एका ओळीचंही निवेदन नाही. २०१९ मध्ये मायामीच्या कला-बाजारात पॅरिसच्या पेरोताँ गॅलरीने माउरित्सिओ कातेलान या इटालियन कलावंताचं एक केळं भिंतीला चिकटपट्टीने लावलं आणि १ लाख २० हजार डॉलरला विकलं. घेणाऱ्याला केळं मिळतच नाही म्हणा, कारण ते सडतं. मिळतं ते प्रमाणपत्र, आणि केळं किती उंचीवर कसं चिकटवावं याच्या लेखी सूचना. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कृतीची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेली. त्या दिवशीचं केळं फुटपाथवरच्या एका बांगलादेशी फळविक्रेत्याकडून ३५ सेंटला आणलं होतं. नंतर त्याला लिलावाचा आकडा सांगितला तेव्हा तो रडला, असं वर्तमानपत्रांत आलं. त्याचं केळं अस्सल होतं, वजनात खोट नव्हती, भावही वाजवी होता. कागद तेवढा नव्हता.

आता काही मराठी माणसांविषयी कटू बोलणं भाग आहे. वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपूरला जन्मले, जे. जे.त शिकले, १९७२ मध्ये दिल्लीला जाऊन राहिले, आणि आयुष्यभर इतकं कमी बोलले की आमच्या व्यवसायाला त्यांनी जवळजवळ उपाशीच ठेवलं. बहुतेक कॅनव्हास शीर्षकाशिवाय. निवेदन नाही. स्वतःच्या कामाला ‘अमूर्त’ म्हणायलाही तयार नाहीत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा लिहिणाऱ्यांना किती कष्ट पडले असतील याची कल्पनाच करवत नाही. समोर नुसती चित्रं! २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं एक बिनशीर्षकाचं चित्र २९ कोटी ३० लाखांना गेलं, हा अपवाद आहे, आणि अपवादांकडे बघून तरुणांनी आपलं आयुष्य घडवू नये.

प्रभाकर बरवे यांनी तर त्याहून मोठा घात केला. ते लिहिते होते, पण १९९० मध्ये मौजेने काढलेलं त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ वाचून बघा. वस्तू, आकार, रंग, रिकामी जागा यांच्याबद्दल माणूस स्वच्छ मराठीत बोलतो, आणि वाचणाऱ्याला कळतं. चांगल्या प्रतीचं धुकं हाताशी असताना चित्रकाराने ऊन पडू द्यावं, याला काय म्हणावं? शांता गोखल्यांनी ते इंग्रजीत नेलं. तिथेही ते समजतं, अशी माझी माहिती आहे. नुकसान दोन भाषांत पसरलं. देगलूर तालुक्यातल्या होट्टलला चालुक्यांच्या काळातल्या देवळावर सुरसुंदऱ्या आहेत. एकीपुढे उभं राहिलं की दुसरीकडे वळायला पाय निघत नाही. घडवणाऱ्यांनी नाव ठेवलं नाही, की आपण दगडातून कशाला प्रश्न विचारतोय हेही कोरून ठेवलं नाही. होट्टलला शिलालेखही आहेत, म्हणजे अक्षर खोदणारा हाताशी होता. तरी त्यांत देवस्थानाच्या दानाचा व्यवहार आहे. ज्यांच्या वाट्याला होट्टल महोत्सवाचा मांडव आला आणि लिलाव आला नाही, त्यांनी दोष कुणाला द्यायचा?

या सगळ्यावर उतारा म्हणून मी सय्यद हैदर रझांच्या ठिपक्याची हकिगत सांगत असतो. रझा १९२२ चे, मंडला जिल्ह्यातले. ककैयाच्या शाळेत हे पोर स्थिर बसत नसे. नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. रझा बसले. पुढे नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईला जे. जे.त, १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे, बाक्रे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह ग्रुप, आणि १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पॅरिस. १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. घरं रंगवली, गावं रंगवली, माती आणि वादळं रंगवली. कितीतरी चित्रांची नावं फ्रेंच. आणि १९८० च्या सुमाराला, पॅरिसमध्ये तीस वर्षं काढल्यावर, कॅनव्हासवर ककैयाच्या भिंतीवरचा तो ठिपका येऊन बसला. काळा, मोठा. आता त्याचं नाव बिंदू.

इथून पुढचा प्रवास आमच्या केंद्राच्या भिंतीवर नकाशा करून लावण्यासारखा आहे. गोंडवनातल्या एका शाळेत हिंदी बोलणाऱ्या गुरुजींनी पोराला गप्प बसवायला काढलेला ठिपका फ्रेंचमध्ये गेला, तिथे त्याची जागा, शांतता, ऊर्जा झाली. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा बीज, गर्भ, विश्वाचं केंद्र असं काय काय होत गेला. इंग्रजी कॅटलॉगमधून तो मुंबईत उतरला. ऑगस्ट २०२३ मध्ये पुंडोल्सच्या लिलावात ‘गेस्टेशन’ हे १९८९ चं चित्र ५१ कोटी ७५ लाखांना गेलं. हिंदी ठिपका मंडल्याहून पॅरिस-लंडन करत मुंबईला पोचेपर्यंत वाटेत जी मूल्यवृद्धी झाली, तिला आमच्या शेतमालाच्या धोरणात ‘प्रक्रिया उद्योग’ म्हणतात. मुखेडला प्रक्रिया उद्योग नाही अशी तक्रार प्रत्येक निवडणुकीत होते. मी उद्योग दाखवतो आहे.

रझांनी मात्र शेवटपर्यंत एक अडचण करून ठेवली. कुणीही विचारलं, की ते ती शाळेची गोष्ट साध्या शब्दांत सांगत, गुरुजींचं नाव घेऊन. सांगणाऱ्याचा आवाज त्यात आदराने भरलेला असे. इतकी नेमकी आणि खरी गोष्ट हाताशी असली की निवेदन लिहिणाऱ्याला करायला काही राहत नाही. बरं, झारिया गुरुजींनीही ‘बघ’ एवढंच सांगितलं. त्या ‘बघ’चं अजून समाधानकारक इंग्रजी झालेलं नाही. मुखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आजही पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं करतात. भिंतीवर काय आहे याची कुणी नोंद ठेवत नाही. ती ठेवली जावी असं परिपत्रक निघायला हवं.

केंद्र मुखेडलाच का, हा प्रश्न नांदेडचे लोक विचारतील, लातूरचे तर विचारतीलच, कारण तिकडे प्रत्येक चांगली गोष्ट आपल्याकडेच हवी असते. उत्तर सोपं आहे. हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कारभार उर्दूत. घरात मराठी, बाजारात तेलुगू-कन्नडचा कान, तांड्यावर गोरमाटी, आणि कचेरीतला कागद उर्दू. ज्या कागदावर आपली जमीन आहे तो आपल्याला वाचता येत नाही, ही स्थिती इथे पिढ्यान् पिढ्या चालली. माणसं तो कागद पेटीत ठेवायची, वर्षातून एकदा काढून उन्हात धरायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची. करड्या कॅनव्हासपुढे उभं राहायचं शिस्तबद्ध शिक्षण याहून वेगळं काय असतं? २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना मराठवाडाभर एकाएकी भाव आला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांच्या डोळ्यांवरच्या मोतीबिंदूची कुणी विचारपूस केली नव्हती.

उर्दू गेली, मराठी आली, आणि तिनेही आम्हाला निराश केलं नाही. ‘तत्त्वतः मान्यता’ हा शब्द घ्या. मान्यता आहे, पण तिच्यात मान्य काहीच नाही. ‘यथावकाश’ घ्या. मराठी कलासमीक्षेला ‘अवकाश’ फार प्रिय, पण त्याचा असा वापर एकाही समीक्षकाला जमलेला नाही. ‘नियमोचित कार्यवाहीस्तव अग्रेषित.’ यात कोण, काय, कधी, कुठे, सगळं वितळलेलं आहे, फक्त हालचालीची खूण उरली आहे. पॅरिसमध्ये यासाठी भिंत भाड्याने घ्यावी लागते.

आणि ‘प्रक्रियाधीन’. मुखेड तालुक्यात गोणेगावजवळ लेंडी नदीवर धरण आहे. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र, आता तेलंगण, यांचं मिळून. काम १९८० च्या दशकात सुरू झालेलं. त्या काळात पॅरिसला रझांचा बिंदू मोठा होत होता. तिकडे बिंदूचा बाजार भरभराटला, इकडे पुनर्वसन दशकं गेली तरी प्रक्रियाधीन. बुडणारी गावं कागदावर कधी ‘बाधित क्षेत्र’ झाली, कधी ‘संपादित क्षेत्र’. घरं, गोठे, पार, देऊळ यांतलं काहीही त्या शब्दांत दिसत नाही, म्हणजे अमूर्तीकरण पूर्ण झालेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका रात्रीच्या पावसात पाणी मात्र मूर्त आलं. हसनाळ, रावणगाव आणि आसपासच्या गावांत माणसं गेली, जनावरं गेली. सकाळी ज्यांनी चिखलात नावं घेऊन हाका मारल्या त्यांच्या बोलण्यात एकही भाववाचक नाम नव्हतं. तो मजकूर भाषांतराला कुणी पाठवला नाही, आणि पाठवला असता तरी आमच्या केंद्राला तो घेता आला नसता. आमच्या दरपत्रकात त्याचा रकानाच नाही.

असो. प्रस्तावाच्या प्रती तहसील, जिल्हाधिकारी आणि दिल्लीच्या फ्रेंच वकिलातीला द्यायच्या आहेत. तिन्ही ठिकाणी त्या सारख्याच समजतील, म्हणून एकच मसुदा केला आहे. जागा बसस्थानकाच्या परिसरात चालेल, कारण तिथे बसलेल्या माणसाला काहीही न घडण्याचा सराव असतो. प्रत्येक भाषांतराची एक नक्कल दफ्तरी राहील. कलावंताला दुरुस्ती सुचवायची असल्यास त्याने ती फ्रेंचमध्येच सुचवावी, म्हणजे तिचंही भाषांतर करता येईल. दर शब्दावर लागेल, ‘-त्व’ आणि ‘-ता’ लावलेल्या शब्दांना दीडपट. ‘अवकाश’ सलग तीनदा आल्यास तिसऱ्याला सूट. ज्या उमेदवारांना पूर्वी एखादं चित्र बघून रडू आलं असेल किंवा झोप लागली नसेल त्यांनी तसं अर्जात नमूद करावं, त्यांचा विचार शिपाई किंवा पहारेकरी या पदांसाठीच होईल. कलावंतांनी निवेदन टंकलिखित, दोन प्रतींत पाठवावं. सोबत चित्राचा फोटो जोडू नये. आलाच, तर तो न उघडता परत केला जाईल, टपालखर्च कलावंताकडे.